त्याचा ढोल, माझ्या बापाची हलगी

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच दिलं आहे. बोलताना सुटलेले दोन-चार सन मागाहून भरले आहेत.)



मला विषय दिलाय 'काळ्यांचा लढा आणि आपण'. विषय जाडजूड आहे. त्यावर बोलणारी जाडजूड माणसं पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. मी त्यातला नव्हे. मी एकतीस वर्षं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पिवळी टॅक्सी चालवली. तेव्हा मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. तो हैती देशाचा होता. टॅक्सीवाला. एका बाईचा नवरा, एका पोरीचा बाप, आणि गाण्याबजावण्याचा पक्का वेडा. एप्रिल २०२० मध्ये ब्रुकलिनच्या एका दवाखान्यात कोरोनानं गेला. त्याच्यावर कुठं अग्रलेख आला नाही. शोकसभा तर कुणाचीच होत नव्हती तेव्हा. म्हणून ही शोकसभा समजा.

त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याच्या बायकोनं बजावलंय, 'बोल, पण नाव नको.' तो मला 'फ्रे' म्हणायचा. त्यांच्या क्रिओल भाषेत फ्रे म्हणजे भाऊ. मीही त्याला भाऊच म्हणायचो. इथंही भाऊच म्हणतो.

आधी हैतीबद्दल थोडं. आपण १९७२ मध्ये पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्याच्या कितीतरी आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी ड्यु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं आणि काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. म्हणजे नातं जुनं आहे. पण ज्या गुलामांनी मालकाला समुद्रात ढकलून स्वतःचा देश उभा केला, त्यांचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा साधारण तिसरा हिस्सा. फ्रान्सची वसाहत. ऊस आणि कॉफी, आणि त्यावर राबणारे जवळजवळ पाच लाख आफ्रिकी गुलाम. ऑगस्ट १७९१ मध्ये हे गुलाम उठले. रात्री जंगलात जमले, ढोल वाजला, आणि मग मळे पेटले, असं त्यांच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. बारा-तेरा वर्षं लढले. नेपोलियनच्या फौजेला नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हर्तिएर इथं लोळवलं आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाले.

आणि याची शिक्षा ऐका. १८२५ मध्ये फ्रान्सनं लढाऊ जहाजं आणून बंदरात उभी केली आणि म्हणाले, आमची मालमत्ता बुडाली, पंधरा कोटी फ्रँक भरा. मालमत्ता म्हणजे जमीन आणि खुद्द हे गुलाम. म्हणजे सुटलेल्या गुलामानं आपल्याच कातडीची किंमत मालकाला द्यायची. पुढं आकडा नऊ कोटींवर आला. तो भरायला कर्ज काढलं, कर्ज फेडायला आणखी कर्ज. त्याचा शेवटचा हप्ता सुटला १९४७ मध्ये. लोक विचारतात, हैती एवढा गरीब का? अरे, सव्वाशे वर्षं वेठ भरत होता तो देश!

आता भाऊ.

मी मुंबईच्या गोदीत मेकॅनिक होतो. तिथून जहाजावर गेलो, आणि १९८४ मध्ये न्यूयॉर्कला उतरलो तो तिथलाच झालो. टॅक्सी गॅरेजची असायची. एक गाडी, दोन ड्रायव्हर. पहाटे पाच ते संध्याकाळी पाच एक, संध्याकाळी पाच ते पहाटे पाच दुसरा. गाडीचं भाडं गॅरेजला आधी मोजायचं, मग गिऱ्हाईक मिळो न मिळो. माझ्या गाडीवर दिवसपाळीला भाऊ होता. आमची भेट रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. तो उतरायचा, मी बसायचो. सीट त्याच्या अंगानं गरम असायची.

सीटखाली त्याचा एक छोटा टेपरेकॉर्डर असायचा. पहिल्या आठवड्यातच तो विसरून गेला आणि रात्री मी बटण दाबलं. असं वाजवणं मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "भाऊ, तुझी टेप गाडीत राहिली." तो म्हणाला, "राहिली नाही, ठेवली. रात्री एकट्यानं गाडी चालवणं वाईट."

तेव्हापासून तो रोज एक कॅसेट ठेवून जायचा. त्याच्याकडून मी शिकलो की १९५५ मध्ये नेमूर जाँ-बातिस्त नावाच्या सॅक्सोफोनवाल्यानं कोंपा नावाचा ताल बसवला आणि अख्खी हैती त्यावर नाचायला लागली. ताबू कॉम्बो हा तिथलाच बँड, १९६८ चा, मग न्यूयॉर्कला आला. भाऊ त्यांच्या नाचाला जाऊन सकाळी तसाच गाडीवर यायचा. आणि मानो शार्लमान. एक गिटार आणि एक आवाज. हुकूमशाहीच्या विरुद्ध गायचा, म्हणून देशाबाहेर जावं लागलं. त्याच्या कॅसेट हातोहात फिरायच्या, एकीवरून दुसरी भरलेली, घरघर आवाज यायचा. भाऊ म्हणायचा, "ही घरघर म्हणजे किती हातांतून आली त्याचा हिशेब."

मग मीही माझी कॅसेट ठेवायला लागलो. वामनदादा कर्डकांची. त्यानं चार दिवस ऐकली. मला म्हणाला, "चाल तर वरातीची आहे. म्हणतोय काय?" मी माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं, बाबासाहेब, घटना, पाणी, शाळा. तो पोट धरून हसला. "वरातीच्या चालीत राज्यघटना! तुमची माणसं हुशार आहेत." आणि हसणं थांबल्यावर म्हणाला, "आमची घटना फ्रेंचमध्ये. गावात कुणाला वाचता येत नव्हती."

हे खरंच होतं. देशातले सगळे लोक क्रिओल बोलणारे. पण कोर्ट, शाळा, कचेरी फ्रेंच. क्रिओल म्हणजे गावंढळांची बोली. १९८७ च्या घटनेनं क्रिओलला फ्रेंचच्या बरोबरीनं राजभाषा केलं, तेव्हा भाऊनं गॅरेजमध्ये सगळ्यांना बिअर पाजली. आपल्याकडे मास्तर 'शुद्ध बोल' म्हणून कान पिळतो, त्यांनी हे समजून घ्यावं.

भाऊचा जन्म १९४६ चा. गाव लेओगान. उसाचा मुलूख. आणि राराचा. रारा म्हणजे ईस्टरच्या आधी सहा-सात आठवडे गावोगाव निघणारी वाजत-गाजत मिरवणूक. त्यात बांबूची तुतारी असते, वाक्सिन म्हणतात. एका वाक्सिनमधून एकच सूर निघतो. एकट्यानं फुंकली तर नुसतं भोंऽ. पण चार-पाच जण आपापला सूर पाळीपाळीनं टाकतात आणि त्यातून गाणं होतं. भाऊ पोरपणी रारात वाक्सिन वाजवायचा. त्याचा बाप ढोल वाजवायचा.

या ढोलाची एक हकीकत होती. १९३५ च्या कायद्यानं गरिबांच्या वोदू धर्माचे विधी 'अंधश्रद्धा' म्हणून गुन्हा ठरवले होते. १९४१-४२ मध्ये पाद्री आणि सरकार हातात हात घालून गावोगाव फिरले. ढोल गोळा केले, ढीग केला, जाळले. भाऊच्या बापानं आपला ढोल गोणपाटात गुंडाळून केळीच्या बनात पुरला. वर्षभरानं काढला तेव्हा कातडं सडलं होतं, खोड शाबूत होतं. नवं कातडं चढवलं. तो ढोल भाऊनं १९७१ मध्ये न्यूयॉर्कला आणला. कपड्यांची पेटी मागं ठेवली आणि ढोल आणला.

हे त्यानं सांगितलं तेव्हा मी बोलून गेलो, "माझ्या बापानं आपलं वाद्य स्वतःच्या हातानं जाळलं."

तो गाडीत बसता बसता थांबला. "स्वतः? वेडा होता काय?"

मित्रांनो, मला राग आला. तीन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. चावी घ्यायची, चावी द्यायची. कारण माझा बाप वेडा नव्हता. आमचं घर मातंगाचं. बाप हलगी वाजवायचा. गावात पाटलाचं लग्न असलं, हलगी. जत्रा असली, हलगी. कुणी मेलं, हलगी. बोलावणं नाही, हुकूम. देवळाच्या बाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं आणि वाढलेलं शिळं पदरात घ्यायचं. हात दुखतो म्हणायची सोय नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी धम्म घेतला. आमच्यातली थोडीच घरं बौद्ध झाली, त्यातलं आमचं एक. बापानं हलगी चुलीत घातली. मी सहा वर्षांचा होतो. कातडं जळाल्याचा वास अजून नाकात आहे. पुढच्या जत्रेला बाप गेला नाही. गावानं पाणी तोडलं, काम तोडलं. आम्ही रातोरात मुंबईची गाडी धरली.

चौथ्या दिवशी मी हे सगळं भाऊला सांगितलं. पाच मिनिटांत मावणारं नव्हतं, तेव्हा गाडी गॅरेजच्या बाहेर उभी करून सांगितलं. त्या दिवशी दोघांचाही धंदा बुडाला. ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं मला त्याच्या बापाची उरलेली हकीकत सांगितली. ती त्यानं तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

१९५७ मध्ये फ्रांस्वा दुव्हालिए निवडून आला. डॉक्टर होता. काळा होता. तोवर सत्तेवर बहुतेक उजळ कातडीचे, फ्रेंच बोलणारे. गरिबांना वाटलं, आपला माणूस आला. तो काळ्यांच्या अस्मितेचं बोलायचा, वोदूचं बोलायचा, ढोलाचं बोलायचा. आणि त्यानं तोंतों माकूत नावाची गुंडांची फौज उभी केली. हजारो माणसं मारली, तुरुंगात सडवली. १९६४ मध्ये स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतलं. १९७१ मध्ये मेला तर एकोणीस वर्षांचं पोरगं गादीवर. ढोल आता कुणी जाळत नव्हतं. उलट, माकूतांच्या म्होरक्याच्या दारात रारा नेऊन वाजवावा लागायचा, त्याचं नाव घालून गावं लागायचं. भाऊचा बाप दोन वर्षं वाजवत गेला. तिसऱ्या वर्षी म्हणाला, हात लुळा पडला. हात चांगला होता. मरेपर्यंत त्यानं तो हात लुळा असल्यासारखा पोटाशी धरून ठेवला. कुणी बघत असो नसो.

भाऊ म्हणाला, "पाद्री जाळायला आला तेव्हा त्यानं ढोल पुरला. आपला म्हणवणारा वाजवायला लावू लागला तेव्हा हात पुरला. तुझा बाप वेडा नव्हता, फ्रे. माझं चुकलं."

काळ्यांच्या लढ्यावर मी जे काही वाचलं ते सगळं या एका वाक्याच्या मागून वाचलं. जुना मालक वाद्य हिसकावून घेतो. नवा मालक आपल्याच रंगाचा, आपल्याच जातीचा असतो. तो वाद्य परत देतो आणि सांगतो, माझ्या दारात वाजव. आपल्या वस्तीत अशी दारं किती आहेत, मोजा. मी नावं घेत नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

आता नवरा म्हणून कसा होता ते सांगतो. माणूस मेला की त्याला देव करायची खोड आपल्याला आहे. ती नको. भाऊची बायको, मी तिला वहिनी म्हणतो, दवाखान्यात आयाचं काम करायची. म्हाताऱ्यांची अंगं पुसणं, चादरी बदलणं. तीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी. घराचं भाडं तिच्या पगारातून जायचं. भाऊच्या कमाईतला चांगला वाटा रेकॉर्डींच्या दुकानात. ती म्हणायची, "हा घरात आला की आधी रेडिओला भेटतो, मग मला." खोटं नव्हतं. तिनं हैतीच्या बायकांची भिशी चालवली, त्यांच्यात 'सोल' म्हणतात, आणि त्या भिशीतून पोरीची शाळा झाली. ढोलाशी तिचं वाकडं होतं. ती प्रॉटेस्टंट. तिच्या चर्चमध्ये ढोल म्हणजे सैतानाचं वाद्य. त्यामुळे समुद्र ओलांडून आलेला तो ढोल अठरा-एकोणीस वर्षं तळघरात, बॉयलरशेजारी. भाऊ बायकोशी भांडला, पण तिच्यावर जबरदस्ती करून ढोल वर आणला नाही. आणि तीही कधी म्हणाली नाही की विकून टाक. त्यांचा संसार असा होता.

दर १ जानेवारीला त्यांच्याकडे भोपळ्याचं सूप असायचं. हैतीच्या घराघरात त्या दिवशी तेच. सांगतात की गुलामीत हे सूप मालकासाठी रांधायचं, आपण खायचं नाही. म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी तेच प्यायचं. वहिनी पहिला वाडगा मला द्यायची. मला दर वेळी चवदार तळं आठवायचं. सूप तर सूप. पण ते प्यायचा हक्क कुणाला, हा खरा प्रश्न.

आता बाप म्हणून. ही गोष्ट त्याला कमीपणा आणणारी आहे. पण वहिनी म्हणाली, सांग.

मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं एड्सचा धोका असलेल्यांच्या यादीत हैतीच्या लोकांचं नाव घातलं. सवय नाही, वागणूक नाही, अख्खा देशच रोगी! एप्रिल १९८५ मध्ये नाव काढलं. पण शिक्का गेला नाही. माणसं घरकामावरून काढली, शाळेत पोरं मारली. आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अन्न आणि औषध प्रशासनानं फर्मान काढलं, हैतीत जन्मलेल्या कुणाचंही रक्त घेऊ नये. भाऊ दर वर्षी रक्त द्यायचा. त्या वर्षी त्याला खुर्चीवरून उठवलं. विटाळ, मित्रांनो! विटाळाला इंग्रजीत शास्त्रीय नाव दिलं की झालं.

पोरगी तेव्हा तेरा वर्षांची. एका संध्याकाळी शाळेतून चिठ्ठी आली, त्यातून कळलं की तिनं वर्गात आपण जमैकाचे आहोत असं सांगितलंय. दोन वर्षं सांगत होती. भाऊनं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. पोरगी रडली नाही. म्हणाली, "आणि तू गाडीत काय सांगतोस? मी मागच्या सीटवर बसले होते त्या दिवशी. त्या बाईला तू काय सांगितलंस?"

टॅक्सीत ड्रायव्हरचं नाव आणि फोटो समोर लावलेला असतो. फ्रेंच नाव बघून गिऱ्हाईक विचारायचं, कुठला? भाऊ सांगायचा, मार्टिनिक.

हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता सांगितलं. गाडी सुरू होती, तो बाहेर उभा. "तिला मारलं, फ्रे. मारायला मला हवं होतं."

मी त्याला काय सांगणार? माझ्या लायसनवर जे आडनाव होतं ते माझ्या बापाचं नव्हतं. मुंबईतच मी गॅझेटमधून बदलून घेतलं होतं. गावाच्या नावापुढं 'कर' लावला की खोली मिळते, नोकरी मिळते. न्यू जर्सीत मराठी लोकांच्या गणपतीला जायचो, 'कर' म्हणून आरतीला उभा राहायचो. मी त्याला तेही सांगितलं. दोघं जण फुटपाथवर उभे, एक मार्टिनिकचा, एक 'कर'.

२० एप्रिल १९९०, शुक्रवार. हैतीचे लोक ब्रुकलिनच्या पुलावरून मॅनहॅटनमध्ये मोर्चा घेऊन गेले, रक्तावरच्या बंदीविरुद्ध. हजारो, हजारो. पन्नास हजार म्हणणारे होते, लाख म्हणणारेही होते. पूल हलत होता, हे मी पायांनी अनुभवलंय. त्यात टॅक्सीवाले होते, आया होत्या, स्वयंपाकी होते, डॉक्टर होते. भाऊनं पाळी सोडली. गॅरेजला भाडं द्यावंच लागलं, ते दोघांनी निम्मं-निम्मं भरलं. मी रात्रभर गाडी चालवून तसाच गेलो.

भाऊनं तळघरातून ढोल काढला होता. वहिनी दारात उभी होती. ती ढोलाकडे बघून काही बोलली नाही. पट्टा तुटका होता, तिनं आत जाऊन तिच्या जुन्या युनिफॉर्मची पट्टी आणून बांधून दिली. पोरगी आमच्यापासून दहा पावलं पुढं चालत होती. बापाशी बोलत नव्हती. पुलाच्या मध्यावर शेजारून जाणाऱ्या एका माणसानं विचारलं, "तुम्ही सगळे हैतीचे का?" भाऊनं तोंड उघडायच्या आत पोरगीच म्हणाली, "हो. मी हैतीची. हा माझा बाप."

भाऊचे हात थांबले. त्याला पुढं वाजवता येईना. ढोल त्यानं माझ्या गळ्यात घातला. मित्रांनो, १९५६ नंतर आमच्या घरात कातड्याच्या वाद्याला कुणी हात लावला नव्हता. मला त्यांचा ताल येत नव्हता. मला एकच ताल येत होता, बापाचा, कानात राहिलेला. तो मी वाजवला. त्यांच्या लोकांनी त्यावर पाय धरले. कुणाचा हुकूम नव्हता. कुणाचं देऊळ नव्हतं. वाजवून झाल्यावर कुणी शिळं वाढलं नाही.

त्या डिसेंबरात सरकारनं बंदी मागं घेतली. आणि त्याच वर्षीच्या गणपतीत, मंडपात एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगितलं, "मांगवाड्यातले. बौद्ध." प्रसाद हातात पडला. पुढच्या वर्षी आमंत्रण आलं नाही. बरं झालं. माझे पेट्रोलचे पैसे वाचले.

नंतरची वर्षं थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात दर रविवारी भाऊ ढोल घेऊन प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये जायचा. तिथं हैतीची पोरं रारा काढायची. नव्या पोरांना वाक्सिन कशी फुंकायची ते शिकवायचा. पोरगी नर्स झाली. १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला, त्याचं केंद्र लेओगानच्या जवळ. गावातली बहुतेक घरं पडली किंवा मोडली. भाऊची बहीण आणि तिची दोन पोरं ढिगाऱ्याखाली गेली. त्या वर्षी ईस्टरपर्यंत त्यानं घरात एक सूर लावला नाही. ऑक्टोबरात कॉलरा आला. युनोच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीत गेली होती, आणि तेच पाणी खालची गावं पीत होती. दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. आपला त्यात वाटा होता हे कबूल करायला युनोला २०१६ उजाडलं. तेव्हा मी इथं परत आलो होतो. भाऊनं फोन केला आणि एवढंच म्हणाला, "१९९० मध्ये म्हणाले, आमचं रक्त घाण. बघ, घाण कुणाची निघाली."

आणि २०२०. हैतीत मयत वाजत-गाजत निघते. बँड असतो, माणसं असतात. भाऊ नेहमी सांगायचा, माझ्या मयतीला कोंपा पाहिजे, रडगाणं वाजवलं तर मी उठून बसेन. त्याच्या मयतीला बँड सोडा, पुरती दहा माणसं नव्हती. पोरगी स्वतः दवाखान्यात ड्युटीवर होती, पण दुसऱ्या दवाखान्यात. बापाजवळ नव्हती.

त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये रोज संध्याकाळी सात वाजता लोक खिडक्यांत येऊन टाळ्या, थाळ्या वाजवायचे, दवाखान्यातल्या माणसांसाठी. मातीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी तळघरात गेली. पंचाहत्तरीला आलेली बाई. तिनं तो ढोल एक-एक पायरी करून वर आणला, दारात ठेवला, आणि सात वाजता दोन्ही हातांनी वाजवायला लागली. ताल येत नव्हता तिला. मला तिनं फोनवर सांगितलं, "गल्लीतल्या लोकांना वाटलं मी आयांसाठी, नर्सांसाठी वाजवतेय. मी काही बोलले नाही. मीही तीस वर्षं आयाच होते. थोडं माझंही असू दे."

बस, एवढंच. ढोल आता पोरीकडे आहे.

मला नेहमी विचारतात, बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेल्या गोष्टी पुन्हा हातात घ्यायच्या का? हलगी आपली संस्कृती की आपली गुलामी? वाद जोरात होतात, मासिकं भरतात. मी एवढंच सांगतो. माझ्या बापानं हलगी जाळली, ते बरोबर केलं. तो जाळू शकला म्हणून मी त्या पुलावर वाजवू शकलो. जयंतीला तुम्ही हलगी वाजवा, नाहीतर डीजे लावा, नाहीतर गप्प बसा. पण वाजवायच्या आधी एकदा विचारा: दार कुणाचं आहे? हुकूम कुणाचा आहे? दार दुसऱ्याचं असेल तर सरळ सांगा, हात लुळा आहे. दार आपलं असेल, तर मग हात राखू नका.

जय भीम!